दोन टायटलं पाहिजेत

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता, आणि बाबा आणि महिपती काका आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये स्कूटर एका अंगावर कलती करून तिला पेट्रोल पाजत होते. जुन्या स्कूटरला असं करावं लागतं. नव्या गाड्यांच्या मालकांना ते दृश्य एखादं जनावर आडवं पाडून औषध देत असल्यासारखं वाटे, आणि बदलापूरच्या शिरगावात आता सगळे नव्या गाड्यांचेच मालक आहेत.

ही स्कूटर दोघांची. अंबरनाथला एकाच कारखान्यात असताना दोघांनी मिळून घेतलेली. कागदावर नाव बाबांचं आणि किल्ली काकांकडे. या व्यवस्थेला बाबा लोकशाही म्हणत. चालवायचे नेहमी काका, कारण बाबांना गिअर टाकता येत नसे. ते मागे बसत आणि मागून सूचना करत, आणि वळण आलं की नेमके उलट्या बाजूला कलत. स्कूटर डावीकडे वळली की हे उजवीकडे. "तोल सांभाळतो," असं त्यांचं म्हणणं. काकांची तऱ्हा वेगळी. उतार लागला की ते इंजिन बंद करत आणि वळायचं असलं की हाताऐवजी पाय बाहेर काढून इशारा देत. एवढं करून दोघे बदलापूरहून अंबरनाथपर्यंत इतकी वर्षं सुखरूप जात-येत राहिले, हे विज्ञानाला न सुटलेलं कोडं आहे.

मी या दोघांवर कादंबरी लिहिली होती. म्हणजे भिवा आणि सखाराम नावाच्या दोन मित्रांवर. त्यांच्याकडेही एकच स्कूटर असते. कादंबरीचं नाव 'मागची सीट'. उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, त्यामुळे पुस्तक लिहिण्याआधी मी पुष्कळ पुस्तकं वाचलेली होती, आणि त्याचा व्हायचा तो तोटा झाला होता. कादंबरी मीच इंग्रजीत आणली आणि दिल्लीच्या एका साहित्यिक एजंटबाईंकडे पाठवायचं ठरवलं. एजंट म्हणजे लेखकाचं बाड प्रकाशकापर्यंत पोचवणारा माणूस. त्याच्याशिवाय मोठे प्रकाशक दार उघडत नाहीत. पण एजंटबाईंनी दारावर आधी एक ऑनलाइन अर्ज बसवला होता, आणि त्या अर्जात एक चौकट होती: तुमचं पुस्तक ज्यांच्यासारखं आहे अशी दोन टायटलं लिहा.

आता यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल. खाली अटी होत्या. ती दोन पुस्तकं गेल्या पाच वर्षांतली हवीत. फार गाजलेली नकोत, नाहीतर लेखकाला गर्व आहे असं दिसतं. फार पडलेलीही नकोत, नाहीतर तुमचंही पडेल असं दिसतं. दोन्ही मैत्रीवरची हवीत, पण तुमच्या पुस्तकाची गरजच उरू नये इतकी सारखी नकोत. स्थळं पाहताना मुलीकडून इतक्या अटी आल्या असत्या तर तिच्या आईनं तिला बदडली असती.

मी कॉलेजच्या लायब्ररीतली कपाटं पालथी घातली होती. पुस्तकांतल्या मित्रांपैकी एक गरीब आणि एक श्रीमंत असतो. किंवा दोघांचं एकाच मुलीवर प्रेम बसतं. किंवा एक मित्र मरतो आणि दुसऱ्याला त्यामुळे शहाणपण येतं. दोन मित्र पुस्तकभर नुसते स्कूटरवरून भांडतात आणि कुणालाच शहाणपण येत नाही, असं एकही पुस्तक मला सापडलं नव्हतं. म्हणून मी चहा घेऊन खाली गेले आणि पार्किंगमध्येच माझी अडचण सांगितली.

"कशासारखं म्हणजे?" बाबा म्हणाले. "तू लिहिलंस. तुझ्यासारखं असणार."

"तसं चालत नाही. दुसरी दोन टायटलं द्यावी लागतात. एजंटला."

"ते र्‍हाऊ दे," महिपती काका म्हणाले. "आदी मला सांग बाय, त्या बुकात मी कनचा?"

काकांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. बाबांनी ते दोनदा वाचून काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

"काका, सगळी पात्रं काल्पनिक आहेत."

"काल्पनिक मानूस पायानं सिग्नल देतो?"

"देतो. आणि उतारावर गाडी बंद करणाराही काल्पनिकच," बाबा म्हणाले. "महिपत, तू उगाच मनाला लावून घेतोस. आता तो भिवा. वळणावर उलटा कलतो म्हणे. असं कोणी करेल का? पण मी काही बोललो का?"

"तू कशाला बोलशील. तू तं अख्खाच उलटा."

दोघे हसले. मग बाबांनी हात फडक्याला पुसले, चहाचा कप घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "भिवा म्हणजे मी नाही ना?"

मी त्यांना उत्तर दिलं नाही. मी त्यांना व्याख्यान दिलं. कादंबरीतलं पात्र हे कुणा एका माणसावरून बेतलेलं नसतं, ते अनेक माणसांच्या निरीक्षणातून घडतं, लेखकाच्या अनुभवाचं तिथे रूपांतर होतं, असं बरंच काही. बँकेतला माणूस विम्याची योजना समजावून सांगतो तेव्हा बाबा जसं ऐकून घेत तसं त्यांनी ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हिंदुराव हे सगळं जिन्याच्या पायरीवरून ऐकत होते. हिंदुरावांचं उभं आयुष्य घरांचे दस्त नोंदवण्याच्या कामात गेलेलं. ते निवृत्त झाले तरी दस्त त्यांच्यातून निवृत्त झाले नाहीत.

"एजंट कुठला, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"दिल्लीचा."

"आणि दोन टायटलं मागतोय?"

"हो."

"टायटल एकच असतं. दोन असली म्हणजे घोळ आहे." हिंदुराव गंभीर झाले. "सही करू नका कशावर. आधी मला दाखवा."

बदलापुरात एजंट म्हणजे फ्लॅटचा एजंट आणि टायटल म्हणजे जागेचं टायटल, ते क्लिअर असतं किंवा नसतं. हे मला माहीत होतं. त्यांची चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायला हवी होती, पण चहा गार होत होता. मी "दाखवते" म्हणाले. पुढचं सगळं या एका शब्दातून उगवलं.

मी वर येऊन चौकटीत 'लवकरच कळवते' असं लिहिलं आणि सुरुवातीची पानं पाठवून दिली. जेवताना बाबा म्हणाले, "ती दोन नावं मी तुला उद्या सांगतो. आहेत डोक्यात. महिपतला एकदा विचारतो."

सोमवारी सकाळी दाढी करता करता ते गेले. डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या एका गालावर साबण तसाच होता. राहिलेली दाढी महिपती काकांनी केली. त्यांच्या हाताला कधी नाही ते काही घाई नव्हती.

त्यानंतर माणसं येऊ लागली, आणि दिल्लीच्या अर्जातली ती चौकट बदलापूरच्या लोकांनी परस्पर भरायला घेतली.

"आमच्या साडूंचं अगदी असंच झालं. दाढीऐवजी आंघोळ, एवढाच फरक."

"अंबरनाथच्या आमच्या मामांसारखं. गेल्याच वर्षी. ते मात्र झोपेत गेले."

"याला पुण्यवान मरण म्हणतात. आमच्या शेजारच्या सरांना आलेलं तसं."

दिल्लीवाल्यांना दोन हवी होती आणि ती मला महिनाभर सापडली नव्हती. इथे एका दुपारी सोफ्यावर बसल्या बसल्या लोक माझ्या बापाच्या मरणाला जुळणारी ढीगभर मरणं काढून देत होते. सगळी गेल्या पाच वर्षांतली. फार गाजलेली नाहीत, फार पडलेलीही नाहीत. मी प्रत्येकाला पाणी दिलं आणि मान हलवली. माझ्या घराण्यात ओरडायची पद्धत नाही. आम्ही पाणी देतो.

समोरच्या माधवी वहिनी माझा हात धरून म्हणाल्या, "तू लिहितेस ना गं? मग बाबांवर लिही काहीतरी. बापावर लिहायला पाहिजे मुलीनं."

मी म्हटलं, "बघते."

चारशे पानं, वहिनी. त्यातली दोन मी त्यांच्या उलट्या कलण्यावर लिहिली आहेत. पण ज्याला विचारायचा हक्क होता त्याला मी रूपांतराची प्रक्रिया समजावून सांगितली होती, आता यांना काय सांगायचं.

आमच्याकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. विहारातून बौद्धाचार्य येतात, त्रिशरण-पंचशील होतं, गेलेल्या माणसाबद्दल चार लोक बोलतात, जेवण होतं. सोसायटीतर्फे गेटवर बॅनर लावायची जबाबदारी हिंदुरावांनी घेतली. मला न विचारता घेतली आणि लावूनही टाकला. त्यावर बाबांचा पासपोर्टचा फोटो गालीच्याएवढा मोठा केलेला होता आणि खाली लिहिलं होतं: कै. किसन ओव्हाळ यांना भावपूर्ण श्रद्धांजली.

कै. म्हणजे कैलासवासी. आम्ही बौद्ध. आमच्यात कैलास नाही. आमच्यात 'कालकथित' लिहितात. बाबा या बाबतीत इतके काटेकोर होते की कुणाच्याही कार्यक्रमाच्या पत्रिकेवर चुकून कै. पडलं तर पेन काढून दुरुस्त करत आणि दुरुस्त केलेली पत्रिका त्या घरी परत नेऊन देत. लोकांना ते फारसं आवडत नसे. शिवाय बाबा उंचीला घाबरत. चक्कर येते म्हणून ते कधी माथेरानलासुद्धा गेले नाहीत. त्यांना मेल्यावर थेट कैलासावर नेऊन बसवायचा अधिकार हिंदुरावांना कुणी दिला होता?

हे मी इतक्या शब्दांत बोलले नाही. मी म्हटलं, "हिंदुराव, ते कै. बदलायला हवं. कालकथित पाहिजे."

"म्हणजे टायटल चुकलंय," हिंदुराव म्हणाले.

"हो. टायटल चुकलंय."

"तरी मी म्हणत होतो, घोळ आहे," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांच्या डोक्यात दोन्ही टायटलांची गाठ त्या क्षणी पक्की बसली. त्याच दिवशी त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'ओव्हाळ मॅडम यांचे टायटलबाबत दिल्लीच्या एजंटशी बोलणे सुरू आहे. सभासदांनी सहकार्य करावे.'

सहकार्याचा पहिला फोन पुण्याहून आला. विक्रांत, माझा धाकटा भाऊ. अंत्यविधी उरकून तो दोन दिवसांसाठी पुण्याला गेला होता.

"ताई, घर विकायला काढलंस?"

"नाही."

"मग ग्रुपवर काय आहे हे? मला तीन जणांनी पाठवलं. बाबांना जाऊन आठवडा नाही झाला."

"विक्रांत, ते पुस्तकाचं आहे. एजंटला दोन टायटलं पाहिजेत, आपलं कशासारखं आहे ते दाखवायला."

"आपलं घर कशासारखं आहे ते?"

"पुस्तक."

"तू बाबा गेल्यावर पुस्तकाचं करतेयस?" त्याने विचारलं. हे घर विकण्यापेक्षा वाईट आहे असा त्याचा आवाज झाला. मी फोन ठेवला. मला त्याला सांगायचं होतं की ते पुस्तक हे एकच ठिकाण आहे जिथे बाबा अजून स्कूटरवरून उतरलेले नाहीत. पण अशी वाक्यं मी पुस्तकात लिहिते. फोनवर मी "ये तू, मग बोलू" म्हणते.

बॅनरचं मात्र मी हिंदुरावांवर सोडलं नाही. बॅनर उल्हासनगरला छापतात, मी नोकरीला तिथेच जाते. दुकानाचे मालक होतचंदभाई काउंटरवर वजन टाकून बसले होते. आधी मी बाबांच्या शोकपत्राच्या प्रती काढायला दिल्या. सोबत माझ्या पिशवीतून कादंबरीचं बाडही बाहेर डोकावत होतं.

"ये किसकी कॉपी है?" त्यांनी बाडाकडे बघून विचारलं.

"कोणाची नाही," मी म्हणाले. "माझी आहे. पूर्ण माझी आहे."

"नाराज क्यों होते हो मॅडम, मैंने तो पूछा, किसके नाम पे बिल बनाऊं."

मग बॅनर. "टायटल क्या डालना है?" त्यांनी विचारलं. "कै., स्व., श्री., आदरणीय, लोकनेते, सब रेडी है."

"कालकथित."

"क्या कथित?"

मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. त्यांनी तो कागद आतल्या कॉम्प्युटरवाल्याकडे सरकवला. मी त्याच्या पाठीशी उभं राहून बघायला हवं होतं, पण कॉलेजची वेळ झाली होती आणि त्याच वेळी दिल्लीची मेल आली. एजंटबाईंच्या ऑफिसातली पायल नावाची मुलगी लिहीत होती की पानं सगळ्यांना आवडली आहेत, फक्त दोन टायटलं कळवा, शुक्रवारी आमची यादी बंद होते.

कार्यक्रम शुक्रवारीच होता.

शुक्रवारी सकाळी विक्रांत आला तो गेटपाशीच थांबला. खाली येऊन बघते तर नवा बॅनर लागलेला. गालीच्याएवढे बाबा, आणि खाली: तथाकथित किसन ओव्हाळ यांना भावपूर्ण श्रद्धांजली.

कॉम्प्युटरला कालकथित माहीत नव्हतं. तथाकथित माहीत होतं. त्याने आपल्या बुद्धीनं माझं मराठी सुधारलं होतं.

विक्रांतनं माझ्याकडे पाहिलं. तो हसेल असं मला एक क्षण वाटलं, आणि हसला असता तर मीही हसले असते. पण तो म्हणाला, "शब्दांचं काम तुझं आहे ना, ताई?"

हिंदुराव शिडी आणतो म्हणाले. शिडी चिखलोलीला त्यांच्या मेव्हण्याकडे होती. ती येईपर्यंत सगळं शिरगाव गेटातून आत येताना आधी बाबांच्या असण्याबद्दल शंका वाचत होतं.

वर घरात पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंजीवर बसली. बौद्धाचार्यांनी सुरुवात केली. पंचशील चालू असताना दारातून एक गळ्यात चष्मा अडकवलेला माणूस आणि त्याच्यामागे एक नवरा-बायको आत आले, चपला काढून शेवटच्या रांगेत बसले आणि सगळ्यांबरोबर हात जोडले. मला वाटलं, बाबांच्या कारखान्यातलं कुणी असेल. पंचशील संपल्यावर नवरा उठला आणि खिडकी उघडून बघून आला.

"हवा चांगली आहे," तो बायकोला हळूच म्हणाला.

बायको स्वयंपाकघरात गेली. ओट्याचा दगड तिनं बोटानं वाजवून पाहिला. मग ती आमच्या मावशीला म्हणाली, "गेले ते याच खोलीत का आतल्या?"

मी उठून त्या चष्मेवाल्याला बाहेर जिन्यात घेऊन गेले. तो जितेश, आमच्या कोपऱ्यावरचा फ्लॅटचा एजंट.

"मॅडम, रागावू नका," तो म्हणाला. "पण दिल्लीचा एजंट कशाला? आम्ही काय मेलो होतो?"

मग त्याने खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येणाऱ्या ध्वनिक्षेपकाकडे पाहिलं. "सॉरी," तो म्हणाला. "पार्टी चांगली आहे. जेवायला थांबले तर चालेल ना? लांबून आलेत."

ते जेवायला थांबले. खीर त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

माझा फोन वाजला तेव्हा आत बाबांबद्दल बोलणं चालू होतं. मी जिना उतरून खाली पार्किंगमध्ये आले. स्कूटर तिथेच होती, रविवारसारखीच किंचित कललेली. तिच्याजवळ महिपती काका उभे होते. वर यायला ते तयार नव्हते. आपण बोललो तर शिवी येईल, असं त्यांनी विक्रांतला सांगितलं होतं.

"मैम, पायल बोल रही हूं. टीम को पेजेस बहुत पसंद आए. बस दो टायटल चाहिए. और मैम, एक बात. आपका सरनेम, आपका बॅकग्राउंड देखके हमें लगा था थोड़ा और पेन होगा."

क्षणभर मला वाटलं, ती लिहायचं पेन मागतेय. तिला वेदना हवी होती.

"दो-तीन बहुत स्ट्रॉंग आत्मकथाएं हैं, मैम. उनके जैसा बताएंगे तो हम तुरंत आगे ले जा सकते हैं. जैसे वो भिवा इन सब पेजेस में स्कूटर पर पीछे ही बैठता है. उसमें कास्ट का एंगल तो है ना?"

"वो पीछे इसलिए बैठता है," मी म्हणाले, "कि उसको गिअर डालना नहीं आता."

"राइट, राइट. पर सिम्बॉलिकली?"

"सिम्बॉलिकली भी नहीं आता."

त्यापुढे माझ्या तोंडावर जे येत होतं ते एका परक्या मुलीवर ओतण्यासारखं नव्हतं. बाबांनी काय सोसलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं असं नाही. शाळेत कुठे बसवत, विहिरीवर काय होई, कारखान्यात सुरुवातीला कोण त्यांच्या डब्याकडे कसं बघे, सगळं सांगितलं होतं. ते खरं आहे, ते लिहिणाऱ्यांनी लिहिलं आहे आणि ते वाचूनच मी मोठी झाले आहे. पण सांगून झालं की बाबा खाली जात आणि मित्राशी स्कूटरवरून भांडत. तेही खरं आहे. माझा बाप चारशे पानं नुसता हसत राहिला, तर त्याचा हिशेब मी दिल्लीला का द्यायचा? ओव्हाळ आडनावाच्या माणसाला नुसतं उलटं कलायची मुभा नाही का?

"तो फिर किसके जैसा है, मैम?" तिनं विचारलं. तिची चूक नव्हती. तिलाही ती चौकट भरायची होती.

"बताती हूं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मी हात स्कूटरच्या मागच्या सीटवर ठेवला.

गेटवर हिंदुरावांची शिडी एकदाची पोचली होती. ते वर चढून पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवत होते. पट्टी अजून 'त' वरच होती.

महिपती काका बॅनरकडे बघत होते. "बाय, ते तथाकथित म्हंजे काय गं असतं?"

"लोक ज्याला तसं म्हणतात, पण जो खरा तसा नसतो, असा."

काकांनी विचार केला. "म्हंजे भिवा."

"काय?"

"भिवा म्हनं काल्पनिक हाय. नि हाय तं किसन. मंग तो तथाकथितच झाला की."

रविवारी याच जागी माझ्याजवळ केवढं बोलणं होतं.

"त्याला ठाव व्हतं," काका म्हणाले. "पयल्या पानालाच वलखला. मला बोलला, महिपत, यो मी नि यो तू. मी बोललू, मंग पोरीला इचार. तं बोलला, इचारलं तं ती नाय म्हनंल. शिकलेली हाय. तिच्या तोंडानं सांगंल तवाच आपुन मानायचं, तवर भिवा कोन आपल्याला ठाव नाय."

"पण मला विचारलं त्यांनी. रविवारी."

"ऱ्हावलं नसंल."

मी स्कूटरच्या सीटवरची धूळ बोटानं पुसत राहिले. मग मला आठवलं. "काका, ते मला दोन नावं सांगणार होते. टायटलं. तुम्हाला विचारतो म्हणाले होते."

"इचारलं की. रातच्याला फोन केलता." काकांचा चेहरा हलला आणि परत जागेवर आला. "बोलला, तिला इचारतात ना, बुक कोनासारखं हाय? तं लिव म्हनावं, किसन नि महिपत. हाय तसंच हाय. मी बोललू, महिपत नि किसन लिव. गाडी मी चालवतो. त्याच्यावरनं वाजलं आमचं. फोन आपटलान त्यानं."

"आणि मग?"

"मंग काय. सकाली भांडू म्हनलं."

वरून बोलण्याचा आवाज येत होता. बाबा कुणासारखे होते ते कुणीतरी सांगत होतं.

"माझ्याकडं काय बघतंस?" काका म्हणाले. "मला ठावच हाय. त्याला सांग."

मी गेटपाशी गेले. पट्टी आता अर्ध्या शब्दावर पोचली होती. 'कथित किसन ओव्हाळ' एवढं दिसत होतं. बाबा पासपोर्टच्या फोटोत दिसतात तसे दिसत होते, कुणीतरी हलू नका म्हटल्यासारखे.

"भिवा तुम्हीच," मी म्हणाले.

हिंदुरावांनी शिडीवरून खाली वाकून पाहिलं. "काय म्हणालात, मॅडम? टायटलचं काही आहे का?"

"तुम्हाला नाही." मी मान आणखी वर केली. जिन्यात विक्रांत येऊन उभा होता. त्याच्यामागे ते घर बघायला आलेले नवरा-बायको हातात खिरीच्या वाट्या घेऊन उभे होते. मी आवाज खाली आणला नाही.

"बाबा, भिवा तुम्हीच. पहिल्या पानापासून तुम्हीच. तुम्ही उलटे कलता, कायम कलता, आणि मी तुम्हाला बघूनच लिहिलंय."